उन्हाळी स्विम लीग: नव्या मराठी पालकांसाठी, टीममध्ये नाव घालण्यापासून ‘आमच्या पूलला या’ म्हणणाऱ्यांपर्यंत

मे महिना लागला की वॉशिंग्टन डीसीजवळच्या आमच्या भागातल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न येतात. उन्हाळ्यात पोहायला कुठली टीम चांगली? लेकीला नीट पोहता येत नाही, घेतील का? पलीकडच्या पूलवाल्यांनी ‘आमच्याकडे या’ असं सुचवलंय, जावं का? आणि याचा पुढे कॉलेजला उपयोग होतो का? मी काही वर्षं टायमर म्हणून स्टॉपवॉच धरलं, नंतर गुण लिहिण्याच्या टेबलावर बसले, आता नव्या पालकांचे फोन घेते. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

हे सगळं नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीग, म्हणजे एनव्हीएसएल, डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पोटोमॅक नदीच्या पलीकडे मेरीलँडमध्ये राहत असाल तर तुमची माँटगोमेरी काउंटी स्विम लीग असेल, लाउडनकडे असाल तर बहुधा ओल्ड डोमिनियन स्विम लीग. नियमांचे तपशील बदलतात, तेव्हा तुमच्या लीगची नियमपुस्तिका एकदा चाळाच. माणसांचे स्वभाव मात्र सगळीकडे सारखेच.

१. आधी रचना समजून घ्या

एनव्हीएसएल १९५६ पासून चालू आहे. शंभराच्या आसपास पूल, आणि सहा-सहा टीमची एक अशा डिव्हिजन. डिव्हिजन १ सगळ्यात ताकदवान, मग उतरत्या क्रमाने. तुमची टीम आपल्या डिव्हिजनमधल्या बाकी पाच टीमशी एकेकदा भिडते, म्हणजे पाच शनिवार, पाच सामने. त्यांना ‘ए मीट’ म्हणतात. गुण मोजले जातात ते इथे. आठवड्यात एका संध्याकाळी ‘बी मीट’ असते. तिथे ज्यांना शनिवारी जागा मिळाली नाही ती मुलं पोहतात, नवी मुलं पहिल्यांदा उडी मारायच्या ब्लॉकवर उभी राहतात. जुलैच्या शेवटी डिव्हिजनल्स, म्हणजे डिव्हिजनमधल्या सहाही टीमची एकत्र स्पर्धा, आणि त्यात ज्यांच्या वेळा लीगभरात सर्वांत वेगवान ठरतात त्यांच्यासाठी ऑल-स्टार्स.

वयोगट पाच: आठ आणि खालचे, ९-१०, ११-१२, १३-१४, १५-१८. वय धरतात ते १ जूनचं. २ जूनला अकरावा वाढदिवस असलेली मुलगी अख्खा उन्हाळा दहा वर्षांची म्हणूनच, ९-१० च्या गटात पोहते. यात काही लबाडी नाही, निवांत असा.

आपल्याकडे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी असते आणि निवड झाली तरच पुढे जाता येतं. इथलं प्रकरण वेगळं आहे. ही वस्तीची लीग आहे. सहा वर्षांचं पोर आणि कॉलेजला निघालेला मुलगा एकाच टीमचा टी-शर्ट घालतात. केटी लेडेकी सहा वर्षांची असताना मेरीलँडमधल्या अशाच एका उन्हाळी टीममधून पोहायला लागली, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगेल. ऐकून घ्या आणि विसरून जा.

२. टीमच्या आधी पूल

नवीन आलेल्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. टीममध्ये थेट नाव घालता येत नाही. आधी पूलचं सभासदत्व लागतं. पूल तीन तऱ्हेचे आहेत. काही वस्तीच्या संघटनेचे, तिथे घर असलं की हक्क आपोआप येतो, भाडेकरूंना घरमालकाकडून कागद आणावा लागतो. काही सभासदांच्या मालकीचे, तिथे सुरुवातीला मोठी रक्कम, नंतर दरवर्षी वर्गणी, आणि नावाजलेल्या पूलला प्रतीक्षायादी. काही कंट्री क्लब, त्यांचा खर्च वेगळाच. प्रतीक्षायादीवर असताना एका उन्हाळ्यापुरतं सभासदत्व देणारे पूलही असतात. चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्येच करा; मे उजाडेपर्यंत ती संपलेली असतात.

जवळ ठेवायचे कागद:

- पूल सभासदत्वाचा पुरावा किंवा सभासद क्रमांक
- मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट (बहुतेक ठिकाणी नुसती जन्मतारीख पुरते, शंका आली तर दाखवावा लागतो)
- तातडीच्या संपर्कासाठी दोन फोन नंबर, त्यातला एक इथे राहणाऱ्या मित्राचा. पुण्यातल्या काकांचा उपयोग नाही
- अॅलर्जी, दमा, औषधं यांची माहिती
- वर्तनाच्या नियमांवर मुलाची आणि तुमची सही
- स्वयंसेवक म्हणून कुठली कामं करणार त्याची नोंद

शेवटचा मुद्दा ऐच्छिक वाटतो, पण तसा नाही. त्याबद्दल पुढे.

३. भारतवारीच्या तारखा आधी जुळवा

सराव मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुमारास सुरू होतो. शाळा चालू असेपर्यंत संध्याकाळी, शाळा सुटली की सकाळी. जूनच्या मध्याला टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाची वेळ घेण्याचा दिवस, मग ए मीट, आणि जुलै संपता संपता सगळं आटोपतं. म्हणजे आपण ज्या सहा आठवड्यांत आजी-आजोबांकडे जातो, नेमके तेच. जमलं तर तिकिटं लीग संपल्यावरची काढा. शाळा ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडते, तीन आठवडे मिळतात. जमत नसेल तर नोंदणी करतानाच गैरहजेरीच्या तारखा भरून टाका. कोच रागावत नाही. राग येतो तो गुरुवारी रात्री ‘आम्ही या शनिवारी नाही’ असा निरोप आला की, कारण तोवर चौघांची रिले लावून झालेली असते.

४. पहिले दोन आठवडे: येतं म्हणजे नेमकं किती येतं

बहुतेक टीम एवढंच पाहतात की मूल मदतीशिवाय पूलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातं का. पूल २५ मीटरचा. त्याहून कमी येत असेल तर अनेक ठिकाणी छोट्यांसाठी पूर्वतयारीचा गट असतो, तिथून सुरुवात करा. लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

आपली मुलं बहुधा फ्रीस्टाइल बरी करतात, बॅकस्ट्रोक चालवून नेतात, आणि ब्रेस्टस्ट्रोक-बटरफ्लायमध्ये बाद होतात. बाद होणं म्हणजे ‘डीक्यू’, एक चिठ्ठी मिळते. नेहमीची कारणं ठरलेली आहेत: ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला एकच हात लावणं, किंवा कात्रीसारखी लाथ मारणं, बटरफ्लायमध्ये पाय आळीपाळीने हलणं, बॅकस्ट्रोकच्या शेवटी पोटावर वळून भिंत पकडणं. फ्रीस्टाइल सगळ्यात दयाळू. दमलं तर मधे तळाला उभं राहिलं तरी चालतं, फक्त चालत पुढे जायचं नाही आणि लेनचा दोर ओढायचा नाही.

एक विनंती. आपल्यातले बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत नाहीतर तलावात शिकलेत. ते डोकं वर ठेवून, मान हलवत पोहणं बुडण्यापासून वाचवतं यात शंका नाही. पण काठावर उभं राहून ते मुलांना शिकवू नका. कोचने सांगितलेलं एक आणि बाबांनी सांगितलेलं दुसरं, यात पोर पाण्यातच थांबतं.

टाइम ट्रायलनंतर प्रत्येक वयोगटाची, प्रत्येक स्ट्रोकची क्रमवारी लागते. तिला ‘लॅडर’ म्हणतात. शनिवारी प्रत्येक शर्यतीत टीमची तीनच मुलं उतरू शकतात, तेव्हा लॅडरवरचे पहिले तीन. तुमचं मूल चौथं असेल तर ते बी मीटला. चौथा आणि तिसरा यांत दशांश सेकंदाचा फरक असतो आणि पालकांचे रक्तदाब इथूनच चढायला लागतात.

५. गुणांचं गणित करून बघा

हा भाग जरा सावकाश वाचा. पुढे भरतीचं, म्हणजे दुसऱ्या पूलची मुलं आपल्याकडे ओढण्याचं, प्रकरण येईल, त्याचं मूळ इथे आहे.

एका ए मीटमध्ये ४० वैयक्तिक शर्यती असतात: चार स्ट्रोक, पाच वयोगट, मुलगे आणि मुली. पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. म्हणजे एका शर्यतीचे ९, सगळ्यांचे ३६०. शिवाय १२ रिले, जिंकणाऱ्याला ५, हरणाऱ्याला शून्य, ते ६०. एकूण ४२०. जिंकायला २१० च्या वर जायचं.

आता एका मुलाला जास्तीत जास्त दोन वैयक्तिक शर्यती पोहता येतात, वर रिले. समजा तुमच्या टीमला कुठूनतरी अफाट वेगवान मुलगा मिळाला. तो दोन्ही शर्यती जिंकणार, १० गुण. एखादी रिले त्याच्यामुळे फिरेल. प्रतिस्पर्ध्याचे गेलेले गुण धरले तर फरक थोडा आणखी वाढतो, पण एका मुलावर मीट जिंकता येत नाही ती नाहीच.

मीट जिंकली जाते ती दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांवर. आठ वर्षांखालच्या मुलांची २५ मीटर बटरफ्लाय घ्या. सहा लेन, त्यातली एखादी रिकामी, दोघं-तिघं डीक्यू झाले तर कोणाला नवल वाटत नाही. तिथे तुमचा एखादा सात वर्षांचा हळूहळू, पण दोन्ही पाय एकत्र हलवत, दोन्ही हातांनी भिंतीला टेकला की दुसऱ्या क्रमांकाचे ३ गुण घेऊन येतो. वेगवान मुलगा शोधायला लोक तीन पूल पालथे घालतात, आणि हे ३ गुण आपल्याच पूलच्या उथळ बाजूला दंडाला फुगे लावून खेळत असतात. टेबलावर बसून बघितलं की हे दर शनिवारी दिसतं.

६. भरती: काय रास्त, काय नाही

‘रिक्रूटिंग’ हा शब्द कोणी उघड वापरत नाही, पण होतं सगळीकडे. कसं होतं ते सांगते. हिवाळ्यात मुलं बारमाही क्लबमध्ये पोहतात, तिथे पाच वेगवेगळ्या उन्हाळी टीमची मुलं एका लेनमध्ये असतात. क्लबचा एखादा सहायक कोच उन्हाळ्यात कुठल्यातरी पूलचा मुख्य कोच असतो. मग बोलता बोलता ‘आमच्याकडे तुझ्या वयाची छान टोळी आहे’ असं निघतं. मग आई-आईंचं बोलणं होतं. मग ‘प्रतीक्षायादीचं बघू, पूलच्या बोर्डावर आमच्या ओळखीचे आहेत’ इथपर्यंत गाडी येते.

यातलं रास्त काय? शाळेत पत्रकं वाटणं, पूलचा खुला दिवस, ‘मित्राला घेऊन या’ असा सरावाचा आठवडा, पोहण्याच्या शिकवणीतून टीममध्ये येण्याचं आमंत्रण. हे सगळं बेलाशक करावं. उलट आपल्या लोकांनी जास्त करावं. एखाद्या वस्तीत वीस मराठी-तेलुगू-तमिळ घरं असतात आणि टीममध्ये दोनच मुलं, कारण ‘ते आपल्यासाठी नाही’ असं कोणीतरी परस्पर ठरवलेलं असतं.

आणि खटकणारं काय? दुसऱ्या टीममध्ये नाव असलेल्या मुलाला नेमकं हेरून बोलावणं. वर्गणीत सवलत देऊ करणं. प्रतीक्षायादीत उडी मारून देण्याचं आश्वासन. मुलाला ए मीटची जागा नक्की, असं लॅडर लागायच्या आधीच सांगणं. आणि कोचने तुम्हाला वगळून थेट मुलाला मेसेज करणं. हे शेवटचं तर तिथल्या तिथे थांबवा. यूएसए स्विमिंग ही देशाची पोहण्याची संघटना; तिच्या क्लबांमध्ये प्रौढाने अल्पवयीन मुलाला मेसेज करताना पालकाला त्यात घेणं बंधनकारक आहे, आणि उन्हाळी टीमकडूनही तुम्ही तेवढीच अपेक्षा ठेवा.

कोणी विचारलंच तर उत्तर साधं ठेवा: ‘आम्ही अमुक पूलचे सभासद आहोत, मुलगी तिथे खूश आहे. तुमच्या पूलचं सभासदत्व कसं मिळतं ते लेखी पाठवाल का?’ लेखी म्हटलं की निम्मी आमंत्रणं विरून जातात.

जाण्याचा मोह व्हावा अशी वेळ बहुधा एकाच उन्हाळ्यात येते, ती मूल वयोगट बदलतं तेव्हा. आठव्या वर्षी रिबनांचा ढीग लागलेला असतो. नवव्या वर्षी २५ मीटरचं ५० होतं, फक्त बटरफ्लाय २५ राहतं, आणि समोर वीतभर उंच दहा वर्षांची मुलं. पोर लॅडरवर सातवं जातं आणि घरात चर्चा सुरू होते की ही टीमच बरोबर नाही. थांबा. पुढच्या वर्षी ते स्वतःच दहा वर्षांचं होणार आहे. दोन-दोन वर्षांचं हे चक्र चौदापर्यंत चालतं, शेवटचा गट चार वर्षांचा.

‘वरच्या डिव्हिजनला गेलं की मूल सुधारतं’ हाही एक समज आहे. ऑल-स्टार्सची निवड वेळेवर होते. डिव्हिजन १४ मधल्या मुलीने तीच वेळ दिली तर तिलाही तीच संधी. उलट भक्कम टीममध्ये लॅडरच खोल असतं, त्यामुळे शनिवारची जागा मिळणं कठीण आणि डिव्हिजनल्सला प्रत्येक टीमला मोजक्याच जागा असल्याने तिथली वाट त्याहून अरुंद. शिवाय डिव्हिजन दरवर्षी टीमच्या ताकदीनुसार नव्याने लागतात. बाहेरून चार वेगवान मुलं आणून टीमने या वर्षी धुव्वा उडवला, तर पुढच्या वर्षी ती वर सरकते आणि पुन्हा बरोबरीच्यांशी झगडते. माझ्या मते भरतीवर घालवलेली मेहनत एवढ्या एका कारणासाठीच वाया जाते.

टीम बदलायला चांगली कारणं असतात, नाही असं नाही. घर बदललं. कोच ओरडतो, अपमान करतो. तीन वर्षं झाली तरी मुलाचा एकही मित्र झाला नाही. सरावाच्या वेळा नोकरीत बसत नाहीत. अशा वेळी हंगाम संपल्यावर, शरद ऋतूत, जुन्या ‘टीम रेप’ला सांगा. टीम रेप म्हणजे टीमचा कारभार बघणारे पालक. बिनपगारी काम आहे, गोड बोला. नव्या पूलचं सभासदत्व आणि पात्रतेच्या तारखा नियमपुस्तिकेत तपासा. आणि हंगामाच्या मधे बदलायच्या फंदात पडू नका.

७. शनिवारची तयारी

सामना सकाळी नऊच्या सुमारास, पण मुलांना त्याच्या बरंच आधी पाण्यात उतरायचं असतं. बाहेरच्या पूलवर असेल तर घरून साडेसहाला निघायची मनाची तयारी ठेवा.

पिशवीत: दोन टॉवेल, गॉगलच्या दोन जोड्या (पट्टा नेमका ब्लॉकवर चढताना तुटतो), टोपी, जादा पोहण्याचा पोशाख, सनस्क्रीन, घडीच्या खुर्च्या, पत्त्यांचा कॅट. पक्क्या शाईचं मार्कर पेन: मुलाच्या दंडावर शर्यतीचा आणि लेनचा क्रमांक लिहितात. खायला हलकं काही. माझ्या अनुभवात केळी आणि तूप-साखरेची पोळी गुंडाळून दिली की पोर टिकतं, बटाटेवडा शर्यती संपल्यावर. आजी-आजोबा येणार असतील तर सावलीची जागा आधी धरा. ढग गडगडले की पूल रिकामा करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास थांबतात, तेव्हा गाडी जवळ लावलेली बरी.

आता स्वयंसेवकांचं. एक मीट चालवायला दोन्ही टीमचे मिळून कितीतरी पालक लागतात: रेफरी, स्टार्टर, स्ट्रोक आणि टर्न जज, टायमर, टेबल, लहान मुलांना ओळीत उभं करणारे. एका लेनवर तीन स्टॉपवॉच असतात आणि मधली वेळ धरतात. नवख्याने टायमरचं काम घ्यावं. शिकायला पाच मिनिटं लागतात, शर्यत सगळ्यात जवळून दिसते, आणि स्वतःच्या मुलाकडे टक लावून बसायची सवय आपोआप सुटते. दुसऱ्या वर्षी स्ट्रोक जजचं प्रशिक्षण घ्या. मग मुलाला डीक्यू का मिळाला यावर घरी वाद होत नाहीत. काम न घेतलेल्या घरांना दंड लावणाऱ्या टीमही आहेत.

८. बारमाही क्लब आणि कॉलेजचा भ्रम

पहिल्याच उन्हाळ्यात तुम्हाला कळेल की लॅडरवरची पहिली नावं वर्षभर पोहणाऱ्यांची आहेत. एनव्हीएसएलमध्ये त्याला मुभा आहे. काही लीग बारमाही पोहणाऱ्यांवर बंधनं घालतात. त्यावर चिडू नका आणि लगेच क्लबात नावही घालू नका. आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी, शनिवार-रविवारच्या स्पर्धा, मोठी वार्षिक फी, असा तो संसार आहे. मूल ऑगस्टमध्ये स्वतःहून ‘पोहायला कधी जायचं’ विचारायला लागलं तर बघा.

हिवाळ्यातल्या वेळांशी उन्हाळ्याच्या वेळा ताडताना एक लक्षात ठेवा. हिवाळ्यातले बहुतेक पूल २५ यार्डांचे, म्हणजे २२.८६ मीटरचे. उन्हाळी पूल २५ मीटरचा. अंतरच साधारण ९ टक्के जास्त, म्हणून मूल मंदावलेलं दिसतं. तेवढ्यावरून कोच बदलणारे पालक मी पाहिले आहेत.

महागडे ‘टेक सूट’, म्हणजे वेग वाढवणारे घट्ट पोशाख, लहानांना घेऊ नका. यूएसए स्विमिंगने २०२० पासून बहुतांश स्पर्धांत १२ आणि खालच्या वयाला त्यांची मनाई केली आहे. तुमच्या उन्हाळी लीगचा नियम वेगळा बघा.

आणि कॉलेज. उन्हाळी लीगच्या हाताने घेतलेल्या वेळा यूएसए स्विमिंगच्या अधिकृत नोंदीत जात नाहीत. कॉलेजचे कोच क्लबच्या आणि हायस्कूलच्या वेळा बघतात. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना; तिच्या डिव्हिजन १ च्या (आपल्या लीगच्या नव्हे) कोचना मुलांशी भरतीचं बोलणं दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून करता येतं, त्याआधी नाही. एनसीएएच्या डिव्हिजन ३ ची कॉलेजं आणि आयव्ही लीगची विद्यापीठं खेळाची शिष्यवृत्ती देत नाहीत. तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या हिशेबाने या पूलवरून त्या पूलवर नेण्यात काही अर्थ नाही. पुढे खरंच तशी वेळ आली तर हे प्रश्न हिवाळ्यातल्या क्लबच्या कोचला विचारा. उन्हाळ्यातला कोच बहुधा स्वतःच एकोणीस वर्षांचा असतो आणि कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेला असतो.